मल्टिपल स्क्लेरोसिस आणि थंडीत गारठणारे पाय : शेक देण्यापूर्वी

समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळूरु शहराची हवा बाराही महिने सौम्य मानली जाते. मल्टिपल स्क्लेरोसिस, अर्थात एमएस, हा मेंदू आणि मज्जारज्जूचा विकार असलेल्या रुग्णांना उष्णता सोसत नाही. त्यामुळे नागपूर किंवा जळगावच्या उन्हाळ्याच्या तुलनेत येथील हवा त्यांना मानवते. नोकरीनिमित्त कोरमंगला परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही याचा अनुभव येतो. मात्र डिसेंबर आणि जानेवारी हे दोन महिने वेगळे असतात. पहाटेचे तापमान १५ ते १६ अंश सेल्सियसपर्यंत उतरते, काही दिवशी त्याहूनही खाली जाते. घरे उबदार ठेवण्याची व्यवस्था कोठेच नसते आणि ग्रॅनाइटची किंवा गुळगुळीत टाइल्सची फरशी रात्रभरात गारठून गेलेली असते. अशा वेळी एमएसच्या अनेक रुग्णांचे पाय गुडघ्यापासून खाली गार पडतात आणि पांघरुणात शिरल्यावरही तासन् तास गरम होत नाहीत. काहींच्या पायांच्या बोटांवर लालसर-जांभळी, खाजरी आणि दुखरी सूज येते. या सुजेला वैद्यकशास्त्रात चिलब्लेन्स किंवा पर्निओ म्हणतात.

गार पायांवर आपल्याकडचा परंपरागत उपाय म्हणजे शेक. गरम पाण्याची पिशवी, फडक्यात गुंडाळलेली वीट, तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी, कढत पाण्याची बादली यांपैकी काहीतरी प्रत्येक घरात असतेच. निरोगी माणसाला त्याने आराम पडतो. एमएसच्या रुग्णाच्या बाबतीत मात्र हाच उपाय तीन वेगवेगळ्या कारणांनी घातक ठरू शकतो. ही तिन्ही कारणे समजून घेतली, तर पायांना ऊब कशी द्यावी याचे उत्तरही त्यांतूनच मिळते.

पाय गार का पडतात

एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवरील मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. विजेच्या तारेवरील वेष्टन जागोजागी खरवडले जावे, तशी या तंतूंची अवस्था होते आणि त्यांतून जाणारे संदेश मंदावतात, भरकटतात किंवा मध्येच थांबतात. फ्रेंच चेतातज्ज्ञ झाँ-मार्तां शार्को यांनी १८६८ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. जगभरात २०२० मध्ये सुमारे २८ लाख लोकांना हा विकार असल्याचा अंदाज होता. तो बहुधा २० ते ४० या वयात प्रकट होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. भारतात तो फार दुर्मीळ असल्याचा समज दीर्घकाळ होता. मुंबईचे चेतातज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात त्याचे प्रमाण लक्षणीय असल्याचे १९९० मध्ये दाखवून दिले. एमआरआय यंत्रे सर्वत्र पोहोचल्यानंतर अन्य समाजांतील रुग्णांचेही निदान होऊ लागले.

त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या केव्हा आकुंचन पावाव्यात आणि केव्हा उघडाव्यात, याचे आदेश मेंदूकडून मज्जारज्जूमार्गे पायांपर्यंत जातात. मज्जारज्जूत एमएसचे व्रण असतील, तर हे आदेश वेळेवर पोहोचत नाहीत. थंडीत आकुंचन पावलेल्या रक्तवाहिन्या ऊब मिळाल्यावरही लवकर उघडत नाहीत. त्यात चालणे कमी झालेले असते. पोटरीचे स्नायू हे पायांतील रक्त वर ढकलणारे पंपच होत. ते हालले नाहीत की रक्त पावलांत साचून राहते. चाकाच्या खुर्चीवर दिवसभर पाय लोंबते ठेवून बसणाऱ्या रुग्णांची पावले संध्याकाळी सुजलेली, निळसर आणि गार दिसतात ती यामुळेच.

याखेरीज आणखी एक प्रकार आहे व तो ओळखणे फार महत्त्वाचे असते. काही रुग्णांना पाय बर्फात बुडवल्यासारखे गार वाटतात, परंतु प्रत्यक्षात त्यांची त्वचा गरमच असते. येथे दोष रक्तप्रवाहाचा नसून संवेदना वाहून नेणाऱ्या तंतूंचा असतो. मेंदूला चुकीची वर्दी मिळते, इतकेच. याच्या उलटही घडते: पाय खरोखर थंडगार असतो आणि रुग्णाला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून पहिली चाचणी घरच्या घरी करावी. घरातील दुसऱ्या व्यक्तीने आपल्या हाताची मागची बाजू रुग्णाच्या पावलावर, नंतर पोटरीवर आणि मग मांडीवर ठेवून पाहावी. पाऊल हाताला गार लागत नसेल, तर कितीही मोजे आणि पांघरुणे चढवली तरी ती थंडी जाणार नाही. तो मज्जातंतूंच्या वेदनेचा एक प्रकार समजून त्याविषयी चेतातज्ज्ञांशी बोलावे. त्यासाठीची औषधे वेगळी आहेत.

पाय खरोखर गार असले, तरी प्रत्येक वेळी दोष एमएसचाच असतो असे नाही. रक्तक्षय, थायरॉइड ग्रंथीचे मंदावलेले काम आणि मधुमेह यांमुळेही पाय गार किंवा बधिर होतात. शाकाहारी कुटुंबांत हमखास आढळणारी ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव बधिरपणात भर घालते. एमएसवरील अलेमटुझुमॅब या औषधानंतर थायरॉइडचे विकार उद्भवू शकतात, हे ज्ञात आहे. कंप किंवा अर्धशिशी यांसाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी चालू असेल, तर तिच्यामुळे हातपाय गार पडतात. बीटा-इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांमुळे क्वचित बोटांच्या रक्तवाहिन्या वाजवीपेक्षा अधिक आकसतात. सर्व काही एमएसच्या खात्यावर टाकण्याची सवय रुग्णांना असते आणि डॉक्टरांनाही असते; साधी रक्ततपासणी तेवढी राहून जाते.

चिलब्लेन्स म्हणजे नेमके काय

चिलब्लेन्स या शब्दाला सर्वत्र रूढ असा मराठी प्रतिशब्द नाही. हिमदाह म्हणजे ते नव्हे. हिमदाहात शून्याखालील तापमानामुळे शरीराचा भाग अक्षरशः गोठतो. चिलब्लेन्सला बर्फाची गरज लागत नाही. तापमान शून्याच्या वर, पण थंड आणि विशेषतः हवा दमट असेल तेव्हा ते होतात. गारव्यात राहिल्यानंतर साधारण १२ ते २४ तासांत बोटांच्या टोकांवर, सांध्यांवर किंवा टाचेच्या कडेला खाज सुटते, आग होते आणि सुजलेले चट्टे दिसू लागतात. गोऱ्या त्वचेवर ते लाल दिसतात, सावळ्या त्वचेवर जांभळट किंवा गडद तपकिरी. त्यामुळे पुस्तकातील चित्राशी ते जुळत नाहीत आणि आपल्याकडे त्यांना पुष्कळदा मुका मार, चिखल्या किंवा ॲलर्जी समजले जाते. बहुतेक चट्टे एक ते तीन आठवड्यांत आपोआप विरतात. काहींना दर हिवाळ्यात त्याच बोटांवर पुन्हा येतात. २०२० मध्ये करोनाच्या साथीत अनेक देशांतील तरुण रुग्णांच्या पायांवर असेच चट्टे दिसल्याने हा एरवी अपरिचित असलेला विकार बराच चर्चेत आला होता.

थंडीने त्वचेतील बारीक धमन्या आणि शिरा आकसतात. पाऊल एकाएकी तापवले तर धमन्या झटकन उघडतात, शिरा मात्र तितक्या लवकर उघडत नाहीत. आलेले रक्त पुढे सरकत नाही, त्यातील द्रव आजूबाजूच्या ऊतींत झिरपतो आणि सूज येते. म्हणजे नुसती थंडी जितकी कारणीभूत, तितकाच थंडीनंतरचा घाईघाईने दिलेला शेकही. शेगडीजवळ पाय धरण्याची हौस येथेच नडते. एमएस असो वा नसो, शेक टाळण्याचे हे पहिले कारण.

थंडीची कडक लाट बंगळूरुत विरळाच येते. शहरात आजवर नोंदले गेलेले नीचांकी तापमान ७.८ अंश आहे आणि ती नोंद १३ जानेवारी १८८४ ची. नाशिक जिल्ह्यातील निफाडला पारा पाच अंशांच्या खाली जाणे नवलाचे नाही. त्या मानाने कोरमंगलाची थंडी किरकोळच म्हटली पाहिजे. परंतु ज्याच्या रक्तवाहिन्यांचे नियमन आधीच बिघडलेले आहे, त्याच्यासाठी १५ अंशांची पहाट, ओलसर मोजे आणि गार फरशी एवढे पुरेसे असते. नाताळच्या सुटीत उत्तरेकडे किंवा थंड हवेच्या ठिकाणी जाऊन आल्यावर, अथवा ब्रिटनसारख्या दमट थंडीच्या देशात मुलांकडे राहून आल्यावर चट्टे उठले, अशीही उदाहरणे असतात.

बधिर पाऊल आणि साठ अंशांचे पाणी

दुसरे कारण संवेदनेचे. पाय पोळतो आहे हे कळले की माणूस तो मागे घेतो. एमएसमध्ये ही सूचना उशिरा पोहोचते किंवा पोहोचतच नाही, आणि पोहोचली तरी दुर्बळ पाय हलवता येईलच असे नसते. गीझरचे पाणी ६० अंशांपर्यंत सहज तापते. तेवढ्या तापमानाला कातडी गंभीररीत्या भाजण्यास अवघे काही सेकंद लागतात. त्याहून फसवा असतो तो मंद शेक. हाताला केवळ कोमट-गरम वाटणारी, ४४ अंशांच्या आसपासची वस्तूही सलग काही तास एकाच जागी टेकून राहिली, तर त्वचा जळते. रात्री पायाशी ठेवलेली रबरी पिशवी सकाळपर्यंत तेथेच राहते, आणि उजाडल्यावर टाचेवर पाण्याने भरलेला मोठा फोड दिसतो. रात्रभरात रुग्णाला काहीच जाणवलेले नसते.

अशा फोडाची जखम भरून येण्यास कित्येक आठवडे लागू शकतात, कारण मुळात त्या पावलाला रक्तपुरवठा कमी. तोवर पायावर भार देता येत नाही. काठीच्या आधाराने स्वयंपाकघरापर्यंत चालणारी व्यक्ती महिनाभर अंथरुणात राहिली, तर गमावलेली ताकद पूर्वीइतकी परत येईलच अशी खात्री देता येत नाही. जखमेत जंतू शिरले तर ताप येतो आणि तापाने एमएसची जुनी लक्षणे उफाळतात. हा नवा झटका असावा असे वाटून घरचे घाबरतात. एमएसवरील कित्येक औषधे प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी करणारी असल्याने संसर्गाचा धोका वाढलेलाच असतो.

तिसरे कारण एमएसचेच. १८९० मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उट्‌हॉफ यांनी नोंदवले की, काही रुग्णांची दृष्टी व्यायामानंतर तात्पुरती अंधुक होते. यामागे श्रम नसून वाढलेले शरीराचे तापमान आहे, हे पुढे स्पष्ट झाले. आवरण झिजलेल्या तंतूंमधून संदेश कसाबसा वाहत असतो. शरीराचे अंतर्गत तापमान सुमारे अर्धा अंश वाढले तरी तो अडू शकतो. नजर अंधुक होते, पाय जड पडतात, थकवा दाटून येतो. ही उट्‌हॉफ यांच्या नावाने ओळखली जाणारी अवस्था इतकी नेमाने उद्भवत असे की, एमआरआयच्या पूर्वीच्या काळात संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून निदान केले जाई. शरीर थंड झाल्यावर लक्षणे ओसरतात आणि मज्जातंतूंची नवी हानी होत नाही. पण कढत पाण्याच्या स्नानानंतर न्हाणीघरातच पायांतले बळ गेले, तर पडून हाड मोडण्याचा धोका खराच असतो. पाय गार आहेत म्हणून सर्वांग तापवणे हा या रुग्णांना परवडणारा मार्ग नव्हे.

गारठाही त्यांना निर्धास्तपणे सोसता येत नाही, ही या विकारातील खरी अडचण. थंडीने स्नायूंचा ताठरपणा वाढतो, पोटऱ्यांत गोळे येतात, पाऊल उचलणे कठीण होते. उन्हाळ्यात ज्या रुग्णाला पंख्याखाली बसावेसे वाटते, त्यालाच हिवाळ्यात पंख्याच्या वाऱ्याने पाय आखडल्याचा अनुभव येतो.

ऊब द्यावी ती हळूहळू

वरील तिन्ही धोक्यांचा निष्कर्ष एकच निघतो. पाय गार पडल्यावर तापवण्यापेक्षा तो गार पडू न देणे सोपे, आणि गार पडलाच तर ऊब बाहेरून लादण्याऐवजी शरीराची स्वतःची ऊब टिकवून ती पायांपर्यंत पोहोचू द्यावी.

सकाळी अंथरुणातून उतरण्यापूर्वीच मोजे घालावेत. एकदा पाऊल गार फरशीला लागले की ते पुन्हा गरम होण्यास दुपार उजाडते. एक जाड आणि घट्ट मोजा घालण्यापेक्षा दोन पातळ, सैल मोजे एकावर एक घालणे चांगले; त्यांच्यामध्ये अडकलेली हवाच ऊब धरून ठेवते. आतला मोजा घाम शोषणारा आणि वरचा लोकरीचा असावा. मोज्याचे इलॅस्टिक पोटरीवर वळ उठवत असेल तर ते रक्त अडवते, असा मोजा टाकून द्यावा. पोटरी उघडी ठेवून केवळ पाऊल झाकण्याची चूक पुष्कळांकडून होते. पावलाकडे जाणारे रक्त पोटरीतूनच जाते, म्हणून लोकरीच्या नळीसारखी पायपट्टी किंवा लांब मोजा अधिक उपयोगी पडतो. वरच्या अंगावर मात्र चटकन काढता येतील असे पातळ थर असावेत. पाय गुंडाळलेले आणि कपाळावर मोकळी हवा, अशी व्यवस्था बहुतेकांना मानवते, कारण त्यात पाय उबदार राहतात आणि शरीराचे तापमान चढत नाही.

गुळगुळीत टाइल्सवर लोकरीचा मोजा साबणासारखा घसरतो. तळव्याला रबराचे ठिपके असलेले मोजे घ्यावेत, किंवा घरात वापरण्यासाठी वेगळे पादत्राण ठेवावे. उंबऱ्याबाहेर चपला काढण्याची आपली रीत मोडण्याचे कारण नाही; घरातल्या घरात वापरण्याची जोडी निराळी असली म्हणजे झाले. मात्र साध्या सपाता येथे कामाच्या नाहीत. पाऊल लुळे असणाऱ्याची सपाता चालता चालता निसटते आणि बधिरपणामुळे ती निसटल्याचे त्याला कळत नाही. टाचेमागे पट्टा असलेले, पुढून बंद आणि बोटांना ऐसपैस जागा देणारे पादत्राण हवे. ही जोडी रात्री पलंगाशी, हाताला येईल अशी ठेवावी. एमएसमध्ये मूत्राशयाच्या तक्रारी सर्रास असतात आणि रात्रीतून दोन-तीनदा उठावे लागते. पायांचा गारठा पुष्कळदा या फेऱ्यांतच सुरू होतो.

पाऊल उचलून धरण्यासाठी प्लास्टिकचा आधार वापरणाऱ्यांनी जाड मोज्यांमुळे तो घट्ट होत नाही ना, हे पाहावे. दर हिवाळ्याच्या प्रारंभी तो मोज्यांसह बसवून बघणे श्रेयस्कर.

बसल्या जागी घोटे वर-खाली आणि गोल फिरवणे हा खर्च नसलेला उपाय आहे. तासातून एकदा, दहा-पंधरा वेळा तो करावा. ज्यांना स्वतः करता येत नाही, त्यांचे घोटे घरच्यांनी सावकाश फिरवावेत. खुर्चीवर बसताना पाय लोंबते न ठेवता चौरंगावर किंवा स्टुलावर टेकावेत, त्याखाली सतरंजी किंवा बसकर घालावे. खोबरेल किंवा तिळाचे तेल हलक्या हाताने लावल्याने त्वचा मऊ राहते आणि भेगा टळतात. तेल चोळण्याचा जोर मात्र आवरावा; चिलब्लेन्स असलेल्या बोटावर चोळणे वर्ज्यच. कापूर किंवा मेंथॉल असलेल्या बामने गरम झाल्याचा भास होतो, रक्तप्रवाहात त्याने विशेष फरक पडत नाही आणि फुटलेल्या चट्ट्यावर तो झोंबतो.

पाणी वापरायचेच असेल तर ते शरीराच्या तापमानाएवढे, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास असावे. घरात लहान मूल असले की त्याच्या आंघोळीचे पाणी कोपर बुडवून पाहतात, तीच रीत येथे वापरावी. मात्र कोपर घरातील निरोगी माणसाचे असावे, कारण रुग्णाच्या हातांतील संवेदनेचाही भरवसा नसतो. थर्मामीटर सर्वांत उत्तम. दहा मिनिटांहून अधिक वेळ पाय बुडवून ठेवू नयेत आणि नंतर बोटांच्या बेचक्यांसह ते पूर्ण कोरडे करावेत, कारण ओली त्वचा दुप्पट वेगाने थंड झाल्यासारखी होते. रबरी पिशवी टाकून देण्याचे कारण नाही. झोपण्यापूर्वी अर्धा तास ती पांघरुणात ठेवून अंथरूण उबवावे आणि रुग्ण आडवा होण्याआधी काढून घ्यावी. विजेच्या ब्लँकेटलाही हाच नियम लागू.

तंबाखू कोणत्याही स्वरूपात घेतली तरी रक्तवाहिन्या आकसतात. धूम्रपानाने एमएसची वाटचालही वेगवान होते, असे दिसून आले आहे. मद्याने ऊब आल्यासारखे वाटते, ती ऊब वस्तुतः त्वचेवाटे शरीराबाहेर जात असते.

पावसाळा, मंदिर आणि वातानुकूलित कचेरी

कोरमंगला परिसर सखल आहे. मोठ्या पावसात तेथील काही ब्लॉकमधील रस्ते तुंबतात आणि घोट्याएवढ्या पाण्यातून वाट काढावी लागते. त्या दिवसांत तापमान हिवाळ्याइतके उतरत नाही, परंतु ओले बूट दिवसभर पायांत राहिले तर त्वचा पांढरी पडून सोलवटते आणि संध्याकाळच्या गारव्यात चट्टे उठण्यास अनुकूल स्थिती तयार होते. कचेरीत मोज्यांची एक कोरडी जोडी ठेवणे हा त्यावरील सोपा तोडगा आहे. संगणकीय कंपन्यांच्या कचेऱ्यांत वातानुकूलन यंत्राचा झोत टेबलाखाली पायांवर येतो, हीसुद्धा तेथील नित्याची तक्रार. बसण्याची जागा बदलून मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्याने मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश मान्यताप्राप्त २१ दिव्यांगत्वांत केला आहे, आणि कामाच्या ठिकाणी वाजवी सोयी मिळण्याची तरतूदही त्यात आहे.

डिसेंबरच्या मध्यापासून धनुर्मास लागतो. कर्नाटकातील मंदिरांत या महिन्यात सूर्योदयापूर्वी पूजा होते आणि भाविक अनवाणी पायांनी दगडी फरशीवर उभे राहतात. श्रद्धेने जाणाऱ्या रुग्णाने जाऊ नये असे कोणी म्हणणार नाही. कोरडे लोकरी मोजे घालून जावे, बसण्यासाठी आसन न्यावे आणि घरी परतल्यावर पाय थेट गरम पाण्यात घालू नयेत, एवढेच.

रोजची पाहणी, आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे

ज्याला खाज जाणवत नाही त्याला चिलब्लेन्स झाल्याचे कळणार कसे, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी दररोज ठरावीक वेळी, चांगल्या उजेडात पावले पाहण्याची सवय लावून घ्यावी. तळवे पाहण्यास हातातला आरसा पुरतो. बोटांच्या मधली जागा, टाच आणि करंगळीची बाहेरची कड विसरू नये. चट्टा दिसल्यास त्याचे छायाचित्र तारखेसह काढून ठेवावे. तपासणीचा दिवस येईपर्यंत चट्टे अनेकदा मावळलेले असतात आणि वर्णनावरून निदान करणे त्वचारोगतज्ज्ञांनाही अवघड जाते.

चट्टा फुटला, त्यातून पू आला, बोट काळे पडू लागले किंवा ताप आला तर थांबू नये. एकच पाय अचानक गार, पांढरा आणि अतिशय वेदनामय झाला तर ते धमनी अडल्याचे चिन्ह असू शकते व तेथे तासांचा हिशेब असतो. एकाच पोटरीला सूज येऊन ती गरम व दुखरी झाली, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता पडताळावी लागते. हालचाल कमी असणाऱ्यांत हा धोका अधिक. गारव्यात बोटे आधी पांढरी, मग निळी आणि शेवटी लाल होत असतील, तर तो रेनॉ यांच्या नावाने ओळखला जाणारा निराळा प्रकार होय.

चट्टे थंडी संपल्यावरही टिकून राहिले, किंवा त्यांच्याबरोबर सांधेदुखी, चेहऱ्यावर पुरळ, तोंडात व्रण अशी लक्षणे असली, तर ल्युपस या विकाराची तपासणी करून घ्यावी. ल्युपसमध्ये बोटांवर हुबेहूब चिलब्लेन्ससारखे चट्टे येतात. तो मेंदू आणि मज्जारज्जूलाही इजा करतो आणि एमएसचा आभास निर्माण करू शकतो. दोन्हींचे उपचार भिन्न असल्याने क्वचित प्रसंगी बोटांवरचा हा क्षुल्लक वाटणारा चट्टा मूळ निदानाचा फेरविचार करायला लावतो.

औषधांच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवाव्यात. रक्तवाहिन्या रुंदावणारी निफेडिपिन ही गोळी वर्षानुवर्षे चिलब्लेन्सवर दिली जात आहे. परंतु जुनाट चिलब्लेन्स असलेल्या रुग्णांवर नेदरलँड्समध्ये केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली नाही. तिने रक्तदाब उतरतो आणि पावलांना सूज येते. आधीच तोल जाणाऱ्या आणि पाय सुजणाऱ्या रुग्णाला हे दोन्ही परिणाम नको असतात. स्टेरॉइडची मलमे काही डॉक्टर थोड्या दिवसांसाठी देतात. ती फुटलेल्या चट्ट्यावर लावू नयेत आणि दुकानातून परस्पर आणून तर मुळीच वापरू नयेत.

कोरमंगलातील रुग्णांना या बाबतीत एक अनुकूलता आहे. सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय याच भागात असून तेथे चेतारोग आणि त्वचारोग असे दोन्ही विभाग एका आवारात आहेत. १९७४ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था, म्हणजेच निम्हान्स, होसूर रस्त्यावर फार दूर नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया या १९८५ पासून काम करणाऱ्या संस्थेची शाखा बंगळूरुतही आहे. तपासणीला जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्या-इंजेक्शनांची यादी, पायांची छायाचित्रे आणि घरच्यांनी हात लावून पाहिलेल्या गारठ्याची नोंद बरोबर न्यावी. मोजे काढून पाय दाखवण्यास मात्र रुग्णाने स्वतःहून पुढे व्हावे. चेतातज्ज्ञाच्या दहा मिनिटांच्या भेटीत बूट-मोजे उतरवले जातीलच असे नसते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात बंगळूरुची रात्र उबदार होऊ लागते आणि नवे चट्टे उठणे बहुधा थांबते. मार्च-एप्रिलमध्ये पारा ३४ अंशांच्या पुढे सरकतो. २४ एप्रिल २०१६ रोजी तो ३९.२ अंशांवर पोहोचला होता. त्या दिवसांत याच रुग्णांना पायांखाली गार फरशी हवीशी वाटते. लोकरी मोजे धुऊन, पूर्ण वाळवून ठेवून द्यावेत. पावलांची रोजची पाहणी मात्र उन्हाळ्यातही चालू ठेवावी, कारण दुपारी तापलेल्या गच्चीवर किंवा मंदिराच्या प्रांगणात अनवाणी पाऊल पडले तर बधिर तळवा तितकाच भाजतो.